रेष कुठे ओढायची?

रविवारची संध्याकाळ. मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली होती आणि आमचा धाकटा दारात उभा होता. खालचा ओठ फुटलेला, एक बूट पायात, दुसरा हातात. फुलपाड्यात मोकळी जागा आता शोधावी लागते. जिथे इमारत उभी राहायची बाकी आहे, तिथे मुले खेळतात. पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अशीच एक जागा आहे. विटांचे दोन-दोन ढीग मांडले की गोलपोस्ट तयार.

"पडलास?"

"नाही."

"मारामारी?"

मान खाली गेली.

"कोण जिंकलं?" हा प्रश्न आमच्या तोंडून आपोआप निघाला आणि त्याच्या अम्मीने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही गप्प बसलो. कोल्हापूरच्या माणसाची ती खोड आहे. घर जळत असले तरी आधी स्कोअर विचारणार.

नमाज झाली, जेवण झाले, तेव्हा कुठे पोरगा बोलता झाला. एका बाजूला आमच्या गल्लीतली मुले, बहुतेक आपलीच. समोर पलीकडच्या चाळीतली, बहुतेक हिंदू घरांतली. खेळ फुटबॉलचा, पण गेल्या काही आठवड्यांपासून या सामन्याला नाव पडले होते 'इंडिया-पाकिस्तान'. कुणी पाडले? कुणीच नाही म्हणे, पडून गेले. त्या दिवशी एका फाउलवरून बाचाबाची झाली आणि समोरून तो शब्द आला, जो आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतो. मग हात उठले.

"माझा दोस्तही होता अब्बा त्यांच्यात," तो म्हणाला. "त्याने शिवी दिली नाही. पण थांबवलंही नाही."

ओठापेक्षा हेच त्याला जास्त लागले होते.

आम्ही काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या अम्मीने विचारले, "आणि तुमच्या बाजूने काय गेलं?"

बराच वेळ शांतता. मग त्याने दोन शब्द सांगितले. ते येथे छापण्यासारखे नाहीत.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. वीस वर्षे आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत एकोप्याचे धडे आहेत. मुले प्रश्नोत्तरे पाठ करतात, पूर्ण गुण घेतात. आणि शाळेबाहेर शंभर पावलांवर, बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी आपसांत सरहद्द ओढली होती.

"खेळणंच बंद करा त्याचं," त्याची अम्मी म्हणाली. तिचे चुकत नव्हते. आजूबाजूच्या दोन घरांनी तेच केले होते. पण आमचे मन होईना. कारण आम्ही स्वतः चुरशीतच वाढलो आहोत, आणि तिने आम्हाला काय दिले, काय हिरावले, हे आम्हाला ठाऊक आहे.

आमचे बालपण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेले. ज्यांनी ते शहर पाहिले नाही त्यांना सांगायला हवे की, महाराष्ट्रभर क्रिकेटचे वेड असताना हे एक शहर फुटबॉलसाठी उन्हातान्हात बसते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठेपेठेत तालमी भरल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज तिच्या वरिष्ठ गटात 16 संघ खेळतात. पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही नावे तिथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा पोरगा होता. तो काही आभाळातून पडला नव्हता.

यात जुनी आणि खोल चुरस म्हणजे शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ. दोन्ही पेठा चालत जाण्याच्या अंतरावर. एकाच मंडईत भाजी, एकाच रंकाळ्यावर फिरणे, एकमेकांत सोयरिकी. पण शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले की सासरा आणि जावई वेगवेगळ्या बाजूला बसत. आदल्या रात्री झेंडे लागत. दुकाने लवकर बंद होत. सामना हरला तर त्या रात्री पेठेत कुणी मोठ्याने बोलत नसे.

आमचे अब्बा शिंपी होते. मिरजकर तिकटीच्या अलीकडे त्यांचे छोटे दुकान. हंगाम सुरू झाला की जर्सींचे काम येई. तेव्हा छापील नंबर नसत. कापडाचे आकडे कापून पाठीवर शिवावे लागत. आम्ही आकडे कापायला बसायचो. सात आणि एक सोपे, आठ अवघड. गंमत अशी की, अब्बा पक्के मंगळवार पेठेचे, पण शिवाजी पेठेतल्या एका संघाच्या जर्सीही तेच शिवत. त्यांचे एक दोस्त तिकडचे होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना कापडाचे गाठोडे सायकलवर घेऊन येत, बाकड्यावर बसत, चहा पीत आणि येणारा सामना आपणच कसा मारणार हे तासभर सांगत. अब्बा मशीन चालवता चालवता तेवढ्याच जोरात उलट सांगत.

एकदा आम्ही आगाऊपणे विचारले, "अब्बा, उनके जर्सी की सिलाई जरा कच्ची रखें तो?"

अब्बांनी पायटा थांबवला. "सुई कू क्या मालूम कपडा किसका है?" म्हणाले, आणि त्या संघाच्या आठ नंबरला दुहेरी टीप घालायला लावली. आमच्याच हाताने.

त्या चुरशीत धर्म कुठे होता? खरे सांगायचे तर त्या वयात आम्हाला हा प्रश्न सुचलाही नव्हता. आमच्या पेठेच्या संघात आपली मुले खेळत आणि त्यांच्याही संघात खेळत. गोल मारणाऱ्याचे नाव काय, यापेक्षा तो कुठल्या पेठेचा, हे महत्त्वाचे. कोल्हापुरात मोहरमला कितीतरी तालमींत पंजे बसतात आणि त्यांची सेवा हिंदू घरे करतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपतीची प्रतिमा आहे. 1906 मध्ये शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले. ही सगळी त्या मातीची कमाई. अलीकडच्या वर्षांत आफ्रिकेतून आलेले खेळाडू तालमींकडून खेळू लागले, तर पेठेने त्यांनाही आपले मानले. रंग, भाषा, देश सगळे वेगळे. पण अंगावर आमची जर्सी ना, मग आमचाच.

तरीही आम्ही त्या दिवसांचे नुसते गोडवे गाणार नाही. चुरशीला दात असतात.

आम्ही आठवीत होतो. दोन पेठांचा सामना, शेवटची काही मिनिटे, बरोबरी. शिवाजी पेठेच्या संघाने गोल केला. आमच्या बाजूने ओरड झाली, ऑफसाइड! पंचांनी गोल दिला. मग काय झाले ते सांगायला नको. आधी बाटल्या आल्या, मग दगड, मग पोलिसांची लाठी. संघांची नावे आम्ही मुद्दाम घेत नाही; दोन्हीकडे आजही आमची माणसे आहेत. त्या धावपळीत नानांच्या थोरल्या मुलाच्या कपाळाला दगड लागला. सहा टाके पडले. दगड कुणी मारला हे कधीच कळले नाही, पण तो आमच्या बाजूने आला होता, एवढे खरे.

अब्बा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. जखमेची चौकशी झाली, चहा झाला. आणि उठताना अब्बांच्या तोंडून निघून गेले, "पण नाना, गोल ऑफसाइड होता."

नाना त्यानंतर दुकानात आले नाहीत. तयार झालेल्या चौदा जर्सी न्यायला त्यांनी एका पोराला पाठवले. शिलाईचे पैसे पूर्ण, मोजून. घासाघीस न करता आलेले ते पैसे अब्बांनी बराच वेळ हातात धरले होते. त्यांच्यात भाव केल्याशिवाय व्यवहार कधी झालाच नव्हता.

एका वाक्याने पंचवीस वर्षांची दोस्ती गेली. आम्ही मोठे झालो, बीएड केले, नोकरीसाठी इकडे आलो. अब्बा अधूनमधून म्हणत, "मी चुकीचं बोललो नव्हतो. चुकीच्या वेळी बोललो."

याला उर्दूत एक शब्द आहे, असबियत. आपल्या माणसांवर प्रेम करणे म्हणजे असबियत नव्हे, तर आपली माणसे अन्याय करीत असताना त्यांची साथ देणे म्हणजे असबियत, असा या शब्दाचा अर्थ प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे आपण ऐकतो. कोल्हापूरच्या त्या स्टँडमध्ये आमच्या शेजारचा माणूस दगड उचलत होता, तेव्हा आम्ही त्याचा हात धरला नाही. आमच्या पोराच्या दोस्ताने शिवी दिली नाही, पण थांबवलेही नाही. मग त्याच्यात आणि आमच्यात फरक काय?

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही जगातल्या चुरशी आठवत राहिलो. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. एकीकडे मूळचे पश्चिमेचे, दुसरीकडे पूर्व बंगालातून आलेले. एक जिंकला की कोळंबी, दुसरा जिंकला की हिलसा. याच सामन्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर स्टँडमध्ये मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 जणांचा जीव गेला. आजही त्या तारखेला तिथे रक्तदान होते. आणि त्याच शहरात ऑगस्ट 2024 मध्ये, एका तरुण डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही संघांचे चाहते, सोबतीला मोहम्मडन स्पोर्टिंगचेही, एकत्र रस्त्यावर आले आणि न्याय मागू लागले. तेच लोक, तेच झेंडे.

मोहम्मडन स्पोर्टिंगवरून महंमद सलीम आठवले. 1936 मध्ये ते कोलकात्याहून स्कॉटलंडला, ग्लासगोला गेले आणि सेल्टिककडून खेळले, बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून. तिथल्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण त्याच ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातली रेष धर्माची होती: एक कॅथलिकांचा, एक प्रोटेस्टंटांचा. ती इतकी खोल गेली की, 1989 मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतले, तेव्हा त्यांच्याच काही चाहत्यांनी आपल्या गळ्यातले मफलर जाळले. अनवाणी परदेशी मुसलमान चालला, पण शेजारचा कॅथलिक चालेना!

तेव्हा आम्हाला उमगले. चुरस वाईट नाही. माणसाला 'आम्ही' म्हणायला कुणीतरी समोर लागतेच. प्रश्न एवढाच की रेष कुठे ओढायची. ती पेठेतून गेली, तर एका बाजूला सगळ्या जातींची, धर्मांची माणसे उरतात. ती धर्मावरून गेली, तर सामना संपल्यावरही संपत नाही; ती घरी येते, शाळेत येते, मतदानाला येते. 2023 च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून आमच्या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडले. आम्ही इथून भावाला फोन लावत बसलो होतो. तेव्हाही मनात हेच आले होते की, ज्या शहराला आपापसांत भांडायला इतकी चांगली जागा होती, त्याला ही नवी रेष कुणी आणून दिली?

आणि रेषा काही दगडावर कोरलेल्या नसतात. आम्ही फुलपाड्यात राहायला आलो तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. आम्ही घर बदलले नाही, पण पत्त्यातली रेष दोनदा सरकली.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या दोस्ताच्या घरी गेलो. जाताना अब्बांचे ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतो आणि ठरवत होतो की कोण बरोबर, कोण चूक, हे बोलायचे नाही. त्याचे वडील लोकलने मुंबईला नोकरीला जातात. नऊच्या सुमाराला घरी येतात. आम्ही थांबलो. त्याच्या आईने पोहे केले. ते आले, आम्हाला पाहून चपापले.

"सर, काय केलं पोराने?"

"तुमच्या पोराने काही केलं नाही. आमच्या पोराने दोन शब्द वापरले, त्याची माफी मागायला आलोय."

ते खाली बसले. बराच वेळ बुटाची लेस सोडत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बाजूने काय गेलं तेही कळलंय मला. मला वाटलं, तुम्ही भांडायला आलात."

मग आम्ही त्यांना शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ सांगितली. ते मूळचे साताऱ्याकडचे. फुटबॉलचे त्यांना फारसे नाही, पण गावची खालची आळी आणि वरची आळी, जत्रेतल्या कुस्त्या, हे सगळे लगेच कळले. आम्ही सुचवले की संघ नव्याने पाडू. धर्माने नाही आणि चाळ-इमारतीनेही नाही. चौकातल्या किराणा दुकानापासून धरणाच्या बाजूला राहणारे ते 'धरणवाले', स्टेशनच्या बाजूला राहणारे ते 'स्टेशनवाले'. बस्स. या रेषेने गल्लीही अर्धी झाली आणि चाळही अर्धी झाली.

मुलांनी आधी कुरकुर केली. मग आम्ही आमच्या आवडत्या मास्तरांची गोष्ट सांगितली. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. भारताच्या फुटबॉल संघाला त्यांनी दोन वेळा एशियाडचे सुवर्णपदक मिळवून दिले, 1951 मध्ये आणि 1962 मध्ये जकार्त्यात. त्या 1962 च्या संघात चुनी गोस्वामी, जर्नैलसिंग मोहन बागानचे होते. बलराम, अरुण घोष ईस्ट बंगालचे. वर्षभर एकमेकांचे हाडवैरी. रहीमसाहेबांनी त्यांना एका रंगात उभे केले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवले. साहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते. पुढच्याच वर्षी गेले.

"म्हणजे ते पण टीम मिक्स करायचे?" एकाने विचारले.

"हो."

"मग ठीक आहे."

सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. पहिल्या रविवारी तीन मुले आलीच नाहीत. एका घराने निरोप पाठवला की, सर, तुमचे विचार चांगले आहेत, पण आमचा मुलगा नको. आम्ही वाद घातला नाही. दुसऱ्या रविवारी त्यातला एक कुंपणाशी उभा राहून पाहत होता. तिसऱ्या रविवारी स्टेशनवाल्यांना गोलकीपर कमी पडला आणि तो आत आला.

आमचा पोरगा आणि त्याचा दोस्त दोघेही धरणवाले निघाले. त्या पहिल्या सामन्यात ते 4-3 असे हरले. घरी आला तो रडवेला, आणि राग कुणावर? आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मामूजाद भावावर, कारण तो स्टेशनवाला आणि त्याने शेवटचा गोल हाताने ढकलला म्हणे. दोस्तही सोबत होता. दोघे मिळून त्या भावाला शिव्या घालत होते, पण त्या शिव्यांत कुणाचा मजहब नव्हता. त्याची अम्मी रागवायला पुढे झाली, आम्ही तिला खुणेने थांबवले. दोन ग्लास सरबत पुढे ठेवले आणि प्रेषितांच्या (स.) सांडणीची गोष्ट सांगितली. अज्बा तिचे नाव. शर्यतीत कधी हरत नसे. एका खेडूताच्या जवान उंटाने तिला मागे टाकले तेव्हा सोबत्यांना फार वाईट वाटले. प्रेषितांनी (स.) मात्र त्यांना समजावले की, दुनियेत जे वर चढते त्याला अल्लाह कधीतरी खाली आणतोच.

"पण अब्बा, त्यांच्या उंटाने हात लावला नव्हता ना," पोरगा म्हणाला. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

राहिली नानांची गोष्ट. काही वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. आम्ही रात्रीच्या गाडीने कोल्हापूर गाठले. जनाजा उठला तेव्हा रस्त्याच्या कडेला नाना उभे दिसले. पाठीत वाकलेले, हातात काठी, शेजारी कपाळावर व्रण असलेला मुलगा. ते कब्रस्तानापर्यंत चालत आले. सगळ्यांनी माती दिली, त्यांनीही दिली. परतताना त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला वाटले, सांत्वनाचे काही बोलतील.

"ऑफसाइडच हुता रं त्यो गोल," नाना म्हणाले. "मला तवाच दिसलं हुतं."

अब्बांना हे ऐकायला मिळाले असते तर, असे अजूनही वाटते. पण त्याहून जास्त वाटते ते हे की, नानांनी ते त्याच आठवड्यात, चहाच्या बाकड्यावर म्हटले असते तर. म्हणूनच आम्ही सोमवार उलटू दिला नाही.

आता हंगाम पुन्हा सुरू होतोय. धरणवाल्यांना जर्सी हव्या आहेत. अब्बांचे मशीन आमच्या घरी आहे. त्याची अम्मी शिवणार, आकडे आम्ही कापणार. स्टेशनवाल्यांनीही काल विचारले, आमच्याही शिवून द्याल का? दोन्हींचे कापड आले आहे. आठ नंबर अजूनही अवघड जातो.